दाराकडे पाठ

"दुसरा झटकाही वाया गेला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पडद्यावरची नजर न काढता त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

ताईने नुसती मान हलवली. सकाळची ड्यूटी आत्ता कुठे सुरू झाली होती आणि पाय कालच्याच ड्यूटीचे दुखत होते. समोर भिंतभर पडदे होते. प्रत्येकावर एकेका खोलीचं चित्र, आणि चित्राखाली त्या खोलीतल्या माणसाच्या मेंदूच्या रेघा सरकत जात होत्या. कोण जेवतंय, कोण घोरतंय, कोण झोपल्याचं नुसतं सोंग करतंय, हे ताईला आता रेघांवरूनच कळायचं. स्वतःच्या माणसाची ड्यूटी घ्यायची नाही, असा वॉर्डाचा नियम होता. म्हणून टिल्लूचा पलंग दुसऱ्या सिस्टरकडे दिला होता आणि ताईला पडद्यांसमोर बसवलं होतं. भावाची काळजी लांबून करायला मनाई नव्हती.

"डोक्याला लावलेल्या तारांवरून मला झटक्याची बाजू कळत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डावी का उजवी, दोन्हीकडे एकदमच गडबड दिसते. मला माणूस दिसायला हवा. आधी कुठला हात वळतो, मान कुठे फिरते. पहिल्या झटक्यात मी काय बघितलं? चादर. चादरीखाली काहीतरी हलतंय, एवढंच. आणि दुसऱ्यातही चादरच आहे, असं हा म्हणतोय."

हा म्हणजे कोपऱ्यातला तंत्रज्ञ. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, ताईकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं.

"माझ्या आईचंच काम आहे ते," ताई म्हणाली. "तिला सांगितलं होतं मी. दहादा सांगितलं होतं."

"भिंतीवर लिहूनही लावलंय. चादर टाकू नये, कॅमेऱ्यासमोर उभं राहू नये. आईंना घरी पाठवा, दुसऱ्या कुणाला तरी बसवा. उद्या दुपारनंतर तो पलंग माझ्या हातात नाही. तोवर एक चांगला झटका मिळाला, तर ऑपरेशनचं बोलू. नाही मिळाला, तर पुन्हा रांग. आणि रांग केवढी आहे, ते तुम्हीच रोज लोकांना सांगता."

ताई रोज सांगायची. समोरच्या माणसाचा चेहरा पडलेला दिसला की वाईट वाटायचं, पण ते दाखवायची सोय नव्हती. आज तिला स्वतःलाच ते सांगावं लागत होतं, आणि रागवायला आईशिवाय दुसरं कुणी सापडत नव्हतं.

*

वॉर्डाबाहेरच्या बाकावर आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. शेजारी दादा उभा होता. ड्रायव्हिंग स्कूलचा मालक असल्यामुळे त्याला कुठेही उभं राहिलं की आपण गाडी चुकीच्या जागी लावल्यासारखं वाटायचं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मास्तरीण होती. टिल्लूची बायको, शाळेत गणित शिकवायची, म्हणून सगळं घर तिला मास्तरीणच म्हणायचं. तान्ह्या मुलीला वॉर्डात न्यायला परवानगी नव्हती, आणि मुलगी आईला सोडायला तयार नव्हती, म्हणून नवऱ्याला भेटायला ती फक्त घटकाभर आत जाऊन येत होती. आत्ता मुलगी तिच्या खांद्यावर झोपली होती.

ताईने सगळं एका दमात सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुझ्यामुळे दोन्ही वाया गेले, आई."

आईने मांडीवरची पिशवी नीट केली.

"झालं ना मग?" दादा म्हणाला. "आता पुरे. घरी नेऊ त्याला. गोळ्या बंद करून मुद्दाम झटके आणवायचे, ही कुठली वैद्यकी? जे टाळायला आपण जन्मभर धडपडलो, ते हे लोक आमंत्रण देऊन बोलावतायत. आणि वर डोकं उघडणार! त्याला काय कमी आहे? माझ्या ऑफिसात त्याची खुर्ची आहे, पगार आहे."

"ती खुर्ची नकोय त्यांना, दादा," मास्तरीण हळूच म्हणाली. मुलगी जागी होऊ नये म्हणून ती भांडतानाही आवाज चढवत नव्हती. "मुलगी हवीय. तिला उचलून या खोलीतून त्या खोलीत न्यायचंय. आज तिला घ्यायचं तर आधी पलंगावर बसायचं, मागे उशी लावायची, शेजारी कुणीतरी बसायचं. स्वतःची मुलगी हातात घ्यायला बापाला पहारा लागतो."

"अगं, पण काळजीनेच ना?"

"काळजीने नाही. लपवायला." ती आईकडे वळली. "आई, रागवू नका. लग्नाआधी मला कुणी सांगितलं नाही, ते मी सोडून दिलं. पण इथे तरी कशाला झाकायचं? इथे सगळेच तसे आहेत."

"झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच मी शिकले," आई म्हणाली.

"आणि कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे?"

दादाला हसू आलं. आईपुढे हसणं बरं दिसत नाही म्हणून तो खोकला.

त्यांच्या घरात त्या आजाराला नाव नव्हतं. 'तसं' म्हणायचे. बाबा होते तोवर त्यांना 'तसं' व्हायचं, मग टिल्लूला 'तसं' व्हायला लागलं. आईने लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूकडून शिकून घेतलं होतं की आधी अंगावर काहीतरी टाकायचं, मग समोर उभं राहायचं, बाकीचं नंतर. पुढे मुलं मोठी झाली तेव्हा तिने कामं वाटून दिली. बाबांच्या घड्याळांच्या दुकानात 'तसं' झालं की दादाने धावत जाऊन शटर ओढायचं, ताईने चादर टाकायची, आणि आई दारात. भर बाजाराच्या वेळी दुकान असं अचानक बंद व्हायचं. लोक म्हणायचे, घड्याळवाला लहरी आहे. आईने ते चालवून घेतलं. नवरा लहरी म्हटलेला तिला चालत होता.

आत्ता तिला बोलता आलं असतं. पहिल्या वेळी चादर तिनेच टाकली होती, ते खरं. पण काल दुपारी ती चहा आणायला गेली होती. पेला घेऊन परत आली तेव्हा टिल्लूला सुरू झालेलं होतं, आणि पलंगाजवळची सिस्टर शेजारच्या खोलीत अडकली होती म्हणून ताई आपली जागा सोडून धावत आली होती. पायाशी घडी करून ठेवलेली चादर ताईने उचलली, एका झटक्यात पसरली आणि भावावर टाकली. लहानपणी टाकायची अगदी तशी. आईने ते दारातून बघितलं. मुलीची नोकरी इथली, तिच्या हाताखाली नव्या पोरी शिकतात. आईने ठरवलं की आपण गप्प बसायचं.

"मी जाते घरी," ती उठत म्हणाली. "पोरीच्या दुपारच्या दुधाचं मी बघेन. दादा, तू बस त्याच्यापाशी."

"मी?"

"तू," ताई म्हणाली. तिने आईकडे बघितलंही नाही.

*

टिल्लूचे पाय पलंगाबाहेर येत होते. घरातला सगळ्यात उंच माणूस, आणि लहानपणी पडलेलं नाव टिल्लू. डोक्यावर तारा डिंकासारख्या कशाने तरी चिकटवल्या होत्या, वरून पट्ट्यांचं टोपलं बांधलं होतं, आणि टोपल्यातून निघालेली तारांची वेणी भिंतीतल्या पेटीत गेली होती. खोलीला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास येत होता.

"मी काय करायचं?" दादाने विचारलं.

"झटका आला की हे बटण दाबायचं. मग बाजूला व्हायचं. कॅमेरा तिथे वर आहे, त्याच्या आड यायचं नाही. आणि मला एक शब्द द्यायचा."

"कसला शब्द?"

"कुठलाही. शुद्ध किती राहते ते कळायला. नंतर विचारतात, काय सांगितलं होतं? काल ताईने 'पिवळी छत्री' सांगितलं होतं म्हणे. मला काही आठवलं नाही."

"मग?"

"मग काही नाही. बघत राहायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

दादाने खुर्ची मागे सरकवली, पुन्हा पुढे घेतली. "ते मला जमायचं नाही, टिल्लू. तू पडलास की मला आजही शटर शोधावंसं वाटतं. शिकाऊ माणूस गाडी भिंतीवर घालायला लागला तरी मी शांत असतो. माझ्या पायाखाली ब्रेक असतो ना. इथे ब्रेक कुठाय?"

"सिस्टर आहेत. सुई लावून ठेवलीय, औषध भरून ठेवलंय. लांबला झटका तर थांबवतात."

"आणि डोकं उघडल्यावर काही बरंवाईट झालं तर?"

टिल्लूने तारांची वेणी खांद्यावरून मागे टाकली. तो दिवसभर दादाच्या ऑफिसात लोकांना रस्त्यावरच्या खुणा शिकवायचा. पुढे वळण आहे, पुढे शाळा आहे, पुढे रस्ता अरुंद आहे. स्वतः त्याने कधी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"मी घाबरलोय," तो म्हणाला. "तुला वाटतं तसा शूर नाहीये मी. पण त्या दिवशी काय झालं सांगू? म्हणजे इथे यायच्या आदल्या दिवशी. पोरगी पाळण्यात रडत होती. मास्तरीण अंघोळीला गेलेली, आई खाली. मी पाळण्यापाशी उभा राहिलो. हात पुढे केले आणि मागे घेतले. ती माझ्याकडे बघून रडत होती, दादा, आणि मी तिच्या आईला हाका मारत होतो. गाडी नको शिकवूस मला कधी. पण असं किती दिवस उभं राहायचं?"

दादा उठून खिडकीशी गेला. बाहेर गाड्या लावायच्या जागेत एक माणूस दोन गाड्यांच्या मध्ये तिसरी घुसवायचा खटाटोप करत होता. एरवी दादाने त्याला वरूनच चार शब्द सुनावले असते.

"माझं काय," तो पाठमोराच म्हणाला, "करून टाक. मी सांगतो आईला."

*

संध्याकाळी ड्यूटी संपता संपता तंत्रज्ञ ताईच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"सिस्टर, कालचं तुम्ही एकदा बघा."

"चादरच आहे ना? काय बघायचं?"

"डॉक्टरांनी उघडायच्या आत तुम्ही बघा. मला सकाळी सगळ्यांसमोर बोलता आलं नाही."

त्याने चित्र लावलं आणि मुद्दाम दुसऱ्या कामाला गेल्यासारखं केलं. टिल्लू पलंगावर बसला होता. वर्तमानपत्र चाळता चाळता तो थांबला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मग दार उघडलं आणि ताईने स्वतःला आत येताना बघितलं. त्या बाईने पहिल्यांदा काय केलं? नाडी नाही बघितली, नाव नाही विचारलं. पायथ्याची चादर उचलली, हवेत पसरली आणि भावावर टाकली, हनुवटीपर्यंत. नंतर तिने सगळं नीट केलं. त्याला कुशीवर वळवलं, प्राणवायूचा मुखवटा लावला, शब्द दिला. पण कॅमेऱ्याला तिची पाठच दिसत होती आणि त्यापलीकडे चादर.

दारात आई उभी होती, हातात चहाचा पेला.

ताईला बाकी सगळं आठवत होतं. छत्री पिवळी होती हेही आठवत होतं. चादर तेवढी आठवत नव्हती. तिने ते चित्र पुन्हा लावलं, कारण विश्वास बसेना. वॉर्डात नवी मुलगी आली की ताईचा पहिला धडा हाच असायचा: पांघरूण काढा. तिला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त आईची आठवण आली. आई सकाळी पिशवी उचलून खाली मान घालून गेली होती.

ती घरी गेली तेव्हा आई स्वयंपाकघरात नातीच्या बाटल्या उकळत होती.

"का नाही सांगितलंस?"

आईने गॅस बारीक केला. "काय सांगायचं?"

"काल मी टाकली चादर. तू बघितलंस."

"तुझी नोकरी आहे तिथे."

"माझ्या नोकरीला काही होत नाही गं! मी तुला सगळ्यांसमोर नको ते बोलले. तू ऐकून घेतलंस. आई, मला पण झाकलंस तू?"

"हाताला सवय आहे बाई," आई म्हणाली. ती स्टुलावर बसली. या एका दिवसात ती फार थकलेली दिसत होती. "तुझ्या हातालाही मीच लावली. काल तू चादर उचललीस ना, तेव्हा मला वाटलं, ही परकरातली पोरच आहे अजून. एवढं शिकवलं तुला, वाया गेलं का, असंही वाटलं."

ताई तिच्यापुढे जमिनीवरच बसली. रडू येईल असं वाटलं होतं. पण इतकी दमणूक झाली होती की तेही नीट येईना.

"उद्या सकाळी तू बस त्याच्यापाशी," ती म्हणाली.

"मी नको. दादा आहे ना."

"दादा दिवसभर बसला आणि त्याचाच रक्तदाब चढला. सिस्टरने त्यालाच तपासलं. मास्तरीण मुलीला सोडून येऊ शकत नाही. मला मनाई आहे, आणि नसती तरी आता माझी मला खात्री नाही. तूच बस. चादर मी खोलीतच ठेवत नाही."

"माझी शाल आहे."

"ती पण देऊन टाक."

*

सकाळी आईने वॉर्डाच्या दारात शाल काढून दादाच्या हातात दिली. शालीशिवाय तिला उघडं पडल्यासारखं वाटत होतं. दादा ती शाल हातावर घेऊन बाकावर बसून राहिला.

टिल्लूला झोप मिळू दिली नव्हती. झटका लवकर यावा म्हणून जागं ठेवतात. त्याचे डोळे लाल होते, पण तो बोलत होता. मुलीला दात येतोय, परवा तिने मास्तरणीच्या बोटाला चावा घेतला, घरात हुशार तीच निघणार.

"तुझ्यावर गेली तर कठीण आहे," आई म्हणाली.

"माझ्यावर गेली तर निदान उंच तरी..."

तो थांबला.

आईने बटण दाबलं. मग तिचे हात आपोआप पायथ्याशी गेले. तिथे काही नव्हतं. खांद्याशी गेले, तिथेही काही नव्हतं. बाहेर कुणाची तरी पावलं वाजली, दाराच्या काचेतून कुणी डोकावल्यासारखं झालं, आणि तिचं सगळं अंग दाराकडे वळायला लागलं. कुणी बघेल. एवढी वर्षं याच एका भीतीने तिला वळवलं होतं. तिने पलंगाचा कठडा धरला आणि वळायचं थांबवलं. मग भिंतीच्या बाजूला सरकली, कॅमेऱ्याच्या आड न येता, दाराकडे पाठ करून.

टिल्लू काहीतरी चाखून बघत असल्यासारखे ओठ हलवत होता. डावा हात शर्टाचं बटण शोधत होता. सापडत होतं, सुटत होतं. उजवा हात हळूहळू ताठ झाला, मनगटातून बाहेर वळला. मग तोंड त्याच बाजूला फिरलं. डोळे उघडे होते, पण त्यात ती नव्हती. नंतर तो सगळाच हलायला लागला, कठड्याच्या गाद्यांवर त्याचा हात आपटू लागला.

सिस्टर आत आली, तिच्यामागे ताई. या वेळी ताई दारातच थांबली, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून. सिस्टरने टिल्लूला कुशीवर वळवलं. थोड्या वेळाने हलणं कमी झालं, घोरल्यासारखा मोठा श्वास सुरू झाला, आणि मग तो नुसता झोपलेला माणूस दिसायला लागला.

जरा शुद्धीवर आल्यावर सिस्टरने विचारलं, "आईंनी काय शब्द दिला होता?"

टिल्लूने जड डोळ्यांनी आईकडे बघितलं. "आठवत नाही."

"काय दिला होतात, आई?"

"दिलाच नाही," आई म्हणाली. "सुचलं नाही. बघत होते."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या, चष्मा कपाळावरच. "मिळालं," त्या म्हणाल्या. "अगदी स्वच्छ मिळालं. उजवा हात आधी वळला, आणि उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूच्या हुकमात असतो. म्हणजे गडबड डाव्या बाजूची दिसते. पुढच्या तपासण्या करू, मग ऑपरेशनचं बोलू." त्या हसल्या, ताईने त्यांना वॉर्डात हसताना क्वचितच बघितलं होतं.

दादा आत आला, हातावर अजून ती शाल. त्याने ती आईपुढे धरली. आईने घेतली नाही.

"एवढंच असतं?" तिने ताईला विचारलं.

"काय?"

"हे. एवढंच असतं का?"

"हो, आई. बहुतेक वेळा एवढंच."

आईने टिल्लूच्या ओठांच्या कडा बोटाने पुसल्या. दार उघडंच होतं. येणारेजाणारे आत बघून पुढे जात होते. कुणी थांबत नव्हतं.

"अजून एक," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वडिलांनाही होतं म्हणालात ना? त्यांचं असंच व्हायचं का? आधी कुठला हात? मान कुठल्या बाजूला? मला उपयोग होईल."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. दादा तेव्हा शटरपाशी असायचा. ताईच्या हातात चादर असायची. आई दारात असायची, तोंड बाजाराकडे.

"नाही सांगता यायचं," आई म्हणाली. "त्यांना कुणी बघितलंच नाही."